तबकडीतला आवाज सोडवताना

(मनीषनगर, नागपूर येथे विदर्भातील स्त्री गटांच्या कार्यकर्त्यांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचे शब्दांकन.)



आजचा विषय ऐकून काहीजणींनी फोनवर विचारलं, "हे काय काढलंत? आपल्या बैठकीत संगणकाचा क्लास कशाला?" प्रश्न रास्त आहे. तेव्हा आधी सांगते की कशाला, आणि मग सांगते की कसं.

आपल्यापैकी बहुतेकींच्या कार्यालयात एक कपाट असतं. त्यात वरच्या कप्प्यात ठराव आणि अहवाल, मधल्या कप्प्यात पोस्टर्स, आणि अगदी खाली एका खोक्यात किंवा प्लॅस्टिकच्या पिशवीत तबकड्या. व्हीसीडी आणि डीव्हीडी. त्यावर स्केचपेननं लिहिलेलं असतं, 'मेळावा १', 'मेळावा २', 'जनसुनावणी', किंवा नुसतंच 'कार्यक्रम'. साधारण १९९८-९९ पासून पुढची दहाएक वर्षं आपण हेच केलं. कार्यक्रम ठरला की लग्नाचं शूटिंग करणाऱ्या पोराला बोलवायचं. तो हॅन्डीकॅम घेऊन यायचा आणि आठवड्यानं दोन-तीन तबकड्या आणून द्यायचा. आपण त्या एकदा पाहिल्या, आणि खोक्यात टाकल्या. पुढे व्हीसीडी प्लेअर बिघडला, टीव्ही बदलला. आता तर नव्या लॅपटॉपला तबकडी घालायची खाचसुद्धा नसते.

त्या खोक्यात काय आहे? एका नवऱ्यानं टाकलेल्या बाईनं पहिल्यांदा उभं राहून माइकवर सांगितलेली हकिगत आहे. दारूबंदीसाठी गावोगाव फिरलेल्या बायांची गाणी आहेत. ज्या आता या जगात नाहीत अशा कार्यकर्त्यांची भाषणं आहेत. ती दुसरीकडे कुठेही नाहीत. वर्तमानपत्रानं छापली नाहीत, आकाशवाणीनं घेतली नाहीत. आहेत ती त्या खोक्यात.

नागपूरच्या बायांना हे वेगळं सांगायला नको. २० जुलै १९४२ रोजी याच शहरात अखिल भारतीय दलित वर्ग महिला परिषद भरली. अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे अध्यक्ष होत्या. बायकोला काडीमोडाचा हक्क असावा, बहुपत्नीत्व बंद व्हावं, असे ठराव त्या काळात तिथे झाले. ते आपल्याला छापील कागदावरून माहीत आहेत. पण मंडपात बसलेली बाई काय बोलली, कुठल्या बोलीत बोलली, कुठे हसली, हे कागद सांगत नाही. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून दारोदार जाऊन आंबेडकरी चळवळीतल्या बायांना बोलतं करत गेल्या, म्हणून १९८९ साली 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक झालं. मुंबईत १९८८ मध्ये नीरा देसाई, मैत्रेयी कृष्णराज आणि सी. एस. लक्ष्मी यांनी 'स्पॅरो' हा स्त्रियांचा ध्वनी आणि चित्रसंग्रह उभा केला तो याच तळमळीनं. आणि पुण्याकडे हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी जात्यावरच्या ओव्या जमवल्या, एक लाखाहून जास्त. त्यातल्या कितीतरी बर्नार्ड बेल यांनी ध्वनिमुद्रित केल्या, १२० तासांच्या वर. २०१७ पासून 'पारी' या संकेतस्थळावर त्या कुणालाही ऐकता येतात. ज्या बाईनं ओवी गायली तिचं नाव आणि गाव त्यासोबत आहे. हे मला फार मोलाचं वाटतं. आपल्याकडे बाईची ओवी 'लोकसाहित्य' होते आणि बाई गायब होते.

आता कुणी म्हणेल, तबकडीत चित्र आहे, मग नुसता आवाज का काढायचा? चित्र टाकून द्या असं मी म्हणत नाही. तबकडीची पूर्ण नक्कल ठेवायचीच. पण आवाज वेगळा काढण्याला कारणं आहेत. पहिलं कारण अगदी तांत्रिक आहे आणि गमतीचं आहे. व्हीसीडीचं मानक १९९३ सालचं. एका साध्या सीडीवर ७४ मिनिटांचा सिनेमा बसवायचा म्हणून त्यांनी चित्र फार बारीक केलं, ३५२ बाय २८८ ठिपक्यांचं. म्हणून व्हीसीडीतले चेहरे धुरकट, चौकटी चौकटीचे दिसतात. आवाजावर मात्र त्यांनी एवढी कात्री चालवली नाही. त्याची नमुनागती गाण्याच्या सीडीइतकीच, सेकंदाला ४४,१०० वेळा. म्हणजे आपल्या तबकड्यांमध्ये बाईचा चेहरा पुसट झालाय, पण तिचा आवाज बराच शाबूत आहे.

दुसरं कारण, बाया ऐकतात कधी? भाकरी थापताना, निंदण करताना, बसमध्ये. पडद्यासमोर दोन तास बसायची सवड कुणाला आहे? तासाभराच्या व्हीसीडीतला आवाज साधारण १०० एमबीत मावतो, कमी दर्जाची प्रत केली तर त्याच्याही निम्म्यात. तो साध्या फोनवर जातो. आणि जिला वाचता येत नाही तिलाही अहवाल 'वाचता' येतो. तिसरं कारण चेहऱ्याचं. त्यावर पुढे सविस्तर बोलते, कारण खरी अडचण तिथेच आहे.

आता कसं करायचं ते. घाबरू नका, मिक्सर चालवण्याइतकंच सोपं आहे.

एक बाहेरून जोडायचा डीव्हीडी ड्राइव्ह लागतो. यूएसबीला लावला की झालं. बर्डीवर मिळतो. शिवाय कुणाच्या घरी जुना डेस्कटॉप धूळ खात पडला असेल तर तोही मागून आणा. बऱ्याचदा नव्या ड्राइव्हनं न वाचलेली तबकडी जुना ड्राइव्ह वाचतो, आणि उलटही होतं.

तबकडी कडेनं धरायची. पुसायची तर मऊ सुती कापडानं, मधून बाहेर सरळ रेषेत. ताट पुसतो तशी गोल गोल पुसायची नाही. वरची बाजू, जिथे आपण नाव लिहितो, ती जास्त नाजूक असते हे पुष्कळांना माहीत नसतं. सीडीमध्ये माहितीचा थर त्या नावाच्या अगदी खाली असतो, वर फक्त लाखेचा पातळ लेप. बॉलपेननं दाबून लिहिलं की थर जातो. आणि घरी लिहिलेल्या तबकड्यांमध्ये रंगद्रव्याचा थर असतो, तो ऊन आणि उष्णतेनं विटतो. नागपूरचा मे महिना, पत्र्याचं छप्पर आणि त्याखाली आपलं कपाट. मी आणखी काय सांगू?

तबकडी संगणकात घातल्यावर आत काही फोल्डर दिसतील. व्हीसीडी असेल तर 'एमपीईजीएव्ही' नावाचं एक फोल्डर असतं. त्यात 'एव्हीसेक०१', 'एव्हीसेक०२' अशा नावांच्या आणि शेवटी 'डॅट' असलेल्या फाइली. तोच आपला माल. चित्र आणि आवाज दोन्ही त्यात गुंफलेले असतात. डीव्हीडी असेल तर फोल्डरचं नाव 'व्हिडिओ-टीएस', आणि फाइलींच्या शेवटी 'व्हॉब'. एक व्हॉब फाइल जास्तीत जास्त १ जीबीची, म्हणून लांब कार्यक्रम तीन-चार व्हॉबमध्ये तुटतो. बोलणारीचं वाक्य एका फाइलीत सुरू होतं आणि दुसरीत संपतं. त्या क्रमानं जोडायच्या.

पहिलं काम, ही फाइल जशीच्या तशी संगणकावर उतरवून घ्या. थेट तबकडीवरून आवाज काढत बसू नका. विटलेली तबकडी एकदाच धड वाचली जाते असंही होतं. उतरवताना मध्येच अडकलं तर पुसून पुन्हा घाला, ड्राइव्ह बदला. व्हीसीडीत एक गोची आहे. साध्या डेटा-सीडीवर चुका दुरुस्त करण्यासाठी जास्तीची माहिती राखलेली असते. व्हीसीडीत ७४ मिनिटं बसवायची म्हणून ती जागा चित्राला दिली. त्यामुळे छोट्या ओरखड्यानंही व्हीसीडी अडखळते. आयसोबस्टरसारखी सॉफ्टवेअर अशा तबकड्या खणून काढतात. काही डीव्हीडी घातल्यावर कोऱ्या दिसतात. त्या कोऱ्या असतीलच असं नाही. कॅमेऱ्यावर लिहिल्यानंतर त्यांचं 'फायनलाइज' करायचं राहून गेलेलं असतं. ज्या कॅमेऱ्यावर केली तो किंवा त्याच जातीचा मिळाला तर त्या उघडतात. म्हणून फेकू नका.

आता आवाज. व्हीएलसी नावाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, मुक्त परवान्याचं आहे. त्यात 'मीडिया'मध्ये जाऊन 'कन्व्हर्ट/सेव्ह' निवडायचं, उतरवलेली फाइल दाखवायची, आणि प्रकारात 'ऑडिओ' निवडायचं. तासाभराचा आवाज काही मिनिटांत निघतो. तो 'फ्लॅक' किंवा 'वेव्ह' स्वरूपात काढा. एमपी-३ नंतर, फोनवर पाठवायच्या प्रतीसाठी. कारण असं की तबकडीतला आवाज आधीच एकदा दाबलेला आहे. त्याला पुन्हा एमपी-३मध्ये दाबला की तो आणखी झिजतो, झेरॉक्सची झेरॉक्स काढल्यासारखा. ज्यांच्या घरी संगणक शिकणारी पोरं आहेत त्यांनी त्यांना 'एफएफएमपेग' वापरायला सांगा. एका ओळीच्या आज्ञेत ते चित्र बाजूला ठेवतं आणि आवाज तसाच्या तसा, पुन्हा न दाबता, बाहेर काढतं. मूळ प्रतीसाठी हीच पद्धत सर्वांत चांगली.

आवाज निघाला की ऐका, आणि ऐकताना बहुधा निराश व्हाल. कॅमेरा मागे, बाई पुढे, आणि मध्ये डेझर्ट कूलरची घरघर. 'ऑडॅसिटी' या फुकट सॉफ्टवेअरमध्ये ही घरघर कमी करता येते. जिथे कुणी बोलत नाही असा दोन-तीन सेकंदांचा तुकडा त्याला दाखवायचा, मग तसाच आवाज ते सगळीकडून काढतं. पण हात राखून. जास्त केलं तर बाई विहिरीतून बोलल्यासारखी वाटते. आणि हे नेहमी दुसऱ्या प्रतीवर, मूळ प्रतीला बोट लावायचं नाही. कधी आवाज एकाच कानात येतो, डाव्या किंवा उजव्या. तो दोन्हीकडे करता येतो.

सर्वांत वाईट प्रकार म्हणजे शूटिंगवाल्यानं हौसेनं मागे सिनेमाचं संगीत टाकलेलं असतं. लग्नाची सवय! बाई हुंडाबळी गेलेल्या लेकीबद्दल सांगतेय आणि मागे बासरी. हल्ली संगणक गाणं आणि बोलणं वेगळं करू शकतो, बऱ्यापैकी करतो. पण तो काही ठिकाणी शब्द बिघडवतो, म्हणून अशी प्रत ऐकण्यापुरती. त्याआधी त्या पोराकडे मूळ टेप आहे का ते विचारा.

तांत्रिक भाग इथे संपला. आता जे मला जास्त महत्त्वाचं वाटतं त्याकडे येते.

आपल्या तबकड्यांमधल्या काही गोष्टी पुरावा आहेत, किंवा कधी होऊ शकतात. त्यासाठी जालन्याचा खटला आपल्याला माहीत हवा. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत अर्जुन खोतकर निवडून आले. पराभूत उमेदवार कैलास गोरंट्याल यांचं म्हणणं होतं की अर्ज मुदतीनंतर, म्हणजे २७ सप्टेंबरला दुपारी तीननंतर घेतला गेला. पुरावा काय? निवडणूक अधिकाऱ्याच्या दालनातलं चित्रण, आणि ते व्हीसीडीवर. इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत कायद्यानं प्रमाणपत्र लागतं, ते वारंवार मागूनही मिळालं नाही. उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं २०१७ मध्ये अधिकाऱ्याच्या साक्षीच्या आधारे त्या तबकड्या ग्राह्य धरल्या आणि निवडणूक रद्द केली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. १४ जुलै २०२० च्या निकालात न्यायालयानं म्हटलं की मूळ यंत्रच मालकानं कोर्टात आणून सिद्ध केलं तर प्रमाणपत्र नको, पण नक्कल द्यायची तर ते हवंच. आणि कुणी ते देतच नसेल तर न्यायालयाकडे अर्ज करून मागवता येतं. गोरंट्याल यांनी शक्य ते सगळं केलं होतं, म्हणून निकाल त्यांच्या बाजूनं राहिला.

आमदारकीच्या भांडणाशी आपल्याला काय करायचंय? पण नियम आपल्यालाही तोच. १ जुलै २०२४ पासून जुन्या पुरावा कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम आला. त्याच्या कलम ६३ खाली आता प्रमाणपत्राचे दोन भाग असतात. एक नोंद सादर करणाऱ्यानं भरायचा, दुसरा तज्ज्ञानं. त्यात फाइलीचं 'हॅश' मूल्य लिहायचं असतं. हॅश म्हणजे फाइलीचा अंगठ्याचा ठसा समजा. फाइलीत एक अक्षर जरी बदललं तरी ठसा बदलतो. म्हणून माझं सांगणं असं की तबकडीवरून फाइल उतरवली त्याच दिवशी तिचा ठसा काढून वहीत लिहून ठेवा. कुणी उतरवली, कुठल्या संगणकावर, किती वाजता, तेही लिहा. आणि तबकडी फेकू नका. आपण काढलेला आवाज ही नक्कल आहे, मूळ ती तबकडी. साफ केलेली, घरघर काढलेली प्रत कोर्टात कधीही देऊ नका. समोरचा वकील पहिला प्रश्न विचारेल की घरघरीसोबत आणखी काय काढलंत.

आवाज आपल्याविरुद्धही वापरला जातो हे विसरू नका. १४ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयानं विभोर गर्ग खटल्यात, नवऱ्यानं बायकोच्या नकळत केलेलं संभाषणाचं ध्वनिमुद्रण घटस्फोटाच्या दाव्यात पुरावा म्हणून चालेल असं ठरवलं. छळ सिद्ध करायला बाईलाही याचा उपयोग होईल, असं काहीजणी म्हणतात. होईलही. पण घरात फोन, लॅपटॉप आणि एकांत जास्त कुणाकडे असतो, हे या खोलीतल्या कुणालाही विचारायची गरज नाही.

आता चेहऱ्याची आणि संमतीची गोष्ट. २००३ साली एका बाईनं आपल्या बैठकीत सांगितलं. तिला माहीत होतं समोर चाळीस बाया आहेत आणि एक कॅमेरा आहे. तिनं 'हो' म्हटलं ते त्या चाळीसजणींसाठी. तेव्हा व्हॉट्सअॅप नव्हतं. तेच बोलणं आज तिच्या सुनेच्या फोनवर जाऊ शकतं. चेहरा काढला म्हणून ती लपत नाही. आवाज ओळखू येतो, गावाचं नाव येतं, सासऱ्याचं नाव येतं. म्हणून आम्ही आमच्या गटात तीन ढीग केले. सगळ्यांनी ऐकावं असं, फक्त गटात ऐकायचं असं, आणि बंद. ठरवायचं त्या बाईनं, आपण नाही. ती भेटत नसेल तर 'बंद'.

बलात्काराच्या प्रकरणात तर हा मर्जीचा प्रश्नच नाही. पीडितेची ओळख उघड करणं गुन्हा आहे, आधी भारतीय दंड संहितेचं कलम २२८-अ, आता भारतीय न्याय संहितेचं कलम ७२. ते कलम कुठून आलं? आपल्याच गडचिरोलीतल्या देसाईगंजच्या पोलीस चौकीतून, १९७२ चं मथुरा प्रकरण. नागपूर खंडपीठानं आरोपी पोलिसांना दोषी धरलं होतं, १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सोडलं, चार कायदेतज्ज्ञांनी खुलं पत्र लिहिलं, देशभर बाया रस्त्यावर आल्या, आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. त्या दुरुस्तीतच हे कलम आलं. ज्या कायद्यासाठी आपण घोषणा दिल्या तो आपल्याच तबकडीनं मोडायचा नाही. नाव, गाव, नातेवाईक, जे जे ओळख पटवतं ते बाहेर जाणाऱ्या प्रतीतून कापायचं.

गाणाऱ्या बायांचंही तसंच आहे. कॉपीराइट कायद्यात कलाकाराचा स्वतंत्र हक्क आहे, गायल्यापासून ५० वर्षं. ओवी परंपरेची असेल, पण त्या दिवशी ती ज्या गळ्यातून निघाली तो गळा तिचा आहे. कुणी ते गाणं कॅसेट कंपनीला किंवा यूट्यूबला देत असेल तर तिला विचारून आणि तिच्या नावानं. बाजारात विकत घेतलेल्या सिनेमाच्या, भजनांच्या तबकड्या मात्र आजच्या कामात आणू नका. त्यांचे हक्क दुसऱ्यांचे, आणि काहींना कुलूप असतं. ते तोडण्यावर २०१२ च्या दुरुस्तीनं बंधन आणलंय. आपलं काम आपल्या नोंदींपुरतं.

संमती मागायला गेलं की काय होतं ते एक सांगते. बेसा रोडकडच्या एका वस्तीत आम्ही फोनवर एका आजीला तिचं वीसेक वर्षांपूर्वीचं बोलणं ऐकवलं. दोन मिनिटं ती गप्प. मग म्हणाली, "हा माहा आवाज होय का वं?" शेजारची म्हणाली, "तुहाच होय." पूर्ण ऐकून झाल्यावर ती म्हणाली की हे नातीला ऐकवा, पण लेकाचं नाव तेवढं काढा. आम्ही काढलं. त्या नावाच्या जागी आता दोन सेकंदांची शांतता आहे, आणि वहीत तसं लिहिलेलं आहे.

वहीबद्दल शेवटचं. संगणकावर कितीही करा, एक कागदी नोंदवही ठेवाच. तबकडीचा क्रमांक, वर्ष, गाव, कोण बोलतंय, कुठली बोली, किती मिनिटं, कुठला ढीग. फाइलीच्या नावात आधी वर्ष लिहा, म्हणजे आपोआप ओळीनं लागतात. 'मेळावा नवीन फायनल २' असली नावं ठेवू नका, दोन वर्षांनी कुणालाच कळत नाहीत. तीन प्रती करा, दोन वेगवेगळ्या साधनांवर, आणि एक दुसऱ्या गावातल्या मैत्रिणीकडे. वर्षातून एकदा, ८ मार्चच्या गडबडीत नको, पण दिवाळीनंतर म्हणा, सगळ्या फाइली उघडतात का ते पाहा.

आज इथे दोन ड्राइव्ह आहेत, एक जुना, एक नवा. ज्यांनी पिशव्या आणल्यात त्यांनी सर्वांत जुनी तबकडी आधी काढा, आणि जिची वरची चमक उडालीय ती त्याच्याही आधी. मऊ कापड या टेबलावर आहे. वर्ध्याच्या मैत्रिणींना पाचची गाडी आहे, तर पहिला नंबर त्यांचा.